ओळखीचा दगड

फळ्यावर ब्राझीलचा नकाशा काढायला मला एक मिनिटसुद्धा लागत नसे. आधी उजवीकडचा फुगवटा, जिथं हा देश अटलांटिकमध्ये खांदा पुढे काढून उभा आहे. तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली यायचं, रिओपाशी खडू पश्चिमेकडे वळवायचा, मग दक्षिणेचं निमुळतं टोक, आणि पुन्हा वर चढत ॲमेझॉनपर्यंत. २०१८ साली दहावीचा भूगोल बदलला. भारत आणि ब्राझील असे दोन देश शेजारीशेजारी ठेवून शिकवायचे ठरले. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत दर वर्षी मी पाटण तालुक्यातल्या मुलांना ॲमेझॉनचं खोरं, ब्राझीलची उच्चभूमी, अजस्र कडा, पँटानलची दलदल शिकवत आले. त्यातल्या बऱ्याच मुलांनी तोवर समुद्रही पाहिलेला नव्हता. दर वर्षी कुणीतरी हात वर करून विचारायचंच, "बाई, तुम्ही गेलाय का तिकडं?"

"नाही रे बाळा," मी म्हणायची आणि पुढच्या आकृतीकडे वळायची.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी लेकीला कंपनीनं साओ पाउलोला पाठवलं. "आई, आता कारणं नकोत, ये," म्हणाली. फेब्रुवारीत गेले. हातात तीन आठवडे होते आणि वहीत एक यादी. यादीतली नावं जगाला ठाऊक असलेलीच होती, पोस्टकार्डावरची. एक नाव मात्र मी सगळ्यात शेवटी, पेन्सिलीनं लिहिलं होतं. त्या ठिकाणी आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही, हे मला माहीत होतं.

सुरुवात रिओपासून. तिथला तो प्रसिद्ध डोंगर, शुगरलोफ, त्याला पोर्तुगीजमध्ये 'पाव द आसूकार' म्हणतात. लेकीनं ते नाव उच्चारलं आणि मी थबकले. पाव! वडापावातला, मिसळीबरोबरचा पाव. पोर्तुगीजांनी हा शब्द गोव्याच्या बंदरात उतरवला आणि तो आपल्या रोजच्या ताटात येऊन बसला. म्हणजे या डोंगराचं नाव 'साखरेचा पाव'. उसाचा रस आटवून मातीच्या निमुळत्या साच्यात ओतायचा, घट्ट झाला की साचा उपडा करायचा. जो शंकू हातात यायचा त्याला ते साखरेचा पाव म्हणत, आणि त्यावरून डोंगराला नाव पडलं, असं सांगतात. आमच्याकडे कराडच्या बाजूला गुऱ्हाळावर याहून वेगळं काय होतं? काहिलीतला रस आटवायचा, गूळ जमला की कापड घातलेल्या बादलीत दाबून बसवायचा, थंड झाला की बादली उपडी. ढेप. मी इतकी वर्षं मुलांना 'शुगरलोफ' असं इंग्रजी नाव सांगत राहिले. 'गुळाची ढेप' म्हटलं असतं तर मागच्या बाकावरच्या पोरालाही डोंगराचा आकार डोळ्यांसमोर दिसला असता. ही चुटपुट मला अजून आहे.

ही ढेप ३९६ मीटर उंच आहे आणि थेट समुद्रातून उठलेली आहे. १९१२ मध्ये पहिली दोरीगाडी शेजारच्या उर्काच्या टेकडीपर्यंत गेली, पुढच्या वर्षी तिथून थेट माथ्यावर. वर उतरल्यावर लोक उपसागराकडे धावले. मी कठड्यापलीकडे डोकावणाऱ्या खडकावर हात ठेवला. भूगोलाच्या माणसाची ही खोडच असते, नवीन जागी गेलं की आधी दगड बघायचा. हा दगड माझ्या ओळखीचा नव्हता. करडा, गुळगुळीत आणि त्यात बोटाच्या पेराएवढे पांढुरके दाणे, डोळ्यांसारखे वटारलेले. याला नाइस म्हणतात. जमिनीच्या पोटात खोलवर दाब आणि उष्णता सोसून, तावून सुलाखून निघालेला खडक, वय साधारण ५६ कोटी वर्षं. वरची सगळी झूल झिजून गेल्यावर हे गोलमटोल घुमट उघडे पडले. आपल्याकडचे डोंगर थर दाखवतात, पायऱ्या दाखवतात. हे डोंगर काहीच दाखवत नाहीत. सुंदर आहेत, पण मला ते परक्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी कोर्कोवादोला गेलो. ७१० मीटरच्या त्या सुळक्यावर चढणारी रेल्वे १८८४ सालची, सम्राट दुसऱ्या पेद्रोच्या हस्ते सुरू झालेली. येशूचा पुतळा त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकानं आला. गाडी घनदाट जंगलातून वर जाते आणि तिथंच मी लेकीचा हात घट्ट धरला. "अगं, फणस!" खिडकीपासून हातभर अंतरावर, खोडालाच लगडलेले काटेरी फणस. एक नाही, झाडामागून झाड.

या जंगलाची गोष्ट मला आधी माहीत होती, फणसाची नव्हती. तिजुकाचं हे जंगल माणसांनी लावलेलं आहे. कॉफीच्या मळ्यांसाठी हे डोंगर उघडेबोडके केले गेले होते. झाडं गेली तसे झरे आटले आणि खाली रिओ शहराला प्यायला पाणी पुरेना. तेव्हा सम्राटानं १८६१ मध्ये पुन्हा जंगल लावण्याचं काम सुरू करायला लावलं. मेजर मानुएल गोम्स आर्चर यांच्याकडे ते सोपवलं गेलं. ज्यांनी प्रत्यक्ष खड्डे खणले, रोपं वाहून नेली, ती सुरुवातीला बोटांवर मोजण्याइतकी गुलाम माणसं होती. पुढच्या तेरा वर्षांत लाखाच्या आसपास झाडं लागली. पाण्यासाठी डोंगरावर झाडं परत लावायची, हे आज आपल्याला नवं वाटतं. रिओनं ते दीडशे वर्षांपूर्वी केलं.

फणस मात्र आपल्याकडचा. पोर्तुगीज गलबतं केरळ-गोव्याकडून जाताना घेऊन गेली. ते त्याला 'जाका' म्हणतात, मल्याळममधल्या 'चक्क' या शब्दावरून. आंबाही असाच गेला. आणि बदल्यात तिकडून काय काय आलं! काजू हा अस्सल ब्राझीलचा, त्याचं नावसुद्धा तिथल्या तुपी लोकांच्या भाषेतलं. अननसाचंही तसंच. आणि ज्या कंदापासून आपण उपासाचा साबुदाणा करतो, तो कसावाही दक्षिण अमेरिकेतला. एकादशीला मी जे खाते ते तिकडून आलं आणि कोकणातल्या परसातलं झाड इकडे येऊन डोंगर व्यापून बसलं. व्यापून बसलं म्हणजे खरंच व्यापून बसलं. तिजुकात फणस आता उपरा आणि आक्रमक मानला जातो. तो स्थानिक झाडांची जागा घेतो, म्हणून त्याची वाढ रोखण्याचे प्रयत्न तिथं चालू असतात. शास्त्र म्हणून मला ते पटतं. तरी खिडकीतून तो कोवळा हिरवा काटेरी फणस दिसला तेव्हा भर परदेशात गावचं माणूस भेटल्यासारखं वाटलं, हे कसं नाकारू?

वर येशूचा पुतळा. उंची ३० मीटर, खाली ८ मीटरचा चौथरा, पसरलेल्या हातांची लांबी २८ मीटर. १९३१ च्या १२ ऑक्टोबरला त्याचं अनावरण झालं. अभियंता ब्राझीलचे एतोर द सिल्वा कोस्टा, शिल्पकार फ्रान्सचे पॉल लांदोव्स्की. हे सगळं कुठल्याही पुस्तकात मिळतं. मी गेले ती त्या पुतळ्याची कातडी बघायला.

आतून तो सिमेंट काँक्रीटचा आहे. बाहेरून त्यावर सोपस्टोनच्या, म्हणजे आपल्या शंखजिऱ्याच्या, लहानलहान तिकोनी चकत्या बसवल्या आहेत. हा दगड मऊ. नखानं ओरखडा उठावा इतका. पण ऊन, पाऊस, वारा यांना तो दाद देत नाही, तडकत नाही. या लाखो चकत्या आधी कापडाच्या पट्ट्यांवर चिकटवून घ्याव्या लागल्या आणि ते काम रिओतल्या बायकांनी केलं. टेबलाभोवती बसून एकेक चकती लावताना त्यातल्या कितीतरी जणींनी चकतीच्या मागच्या बाजूला आपल्या माणसांची नावं लिहिली. नवऱ्याचं, लेकराचं, कुणी मनातल्या माणसाचं. मग त्या पट्ट्या पुतळ्यावर चढल्या आणि नावं आत गेली, कायमची. जगभरातले लोक खाली उभे राहून फोटो काढत होते. मी मान वर करून त्या करड्या-हिरवट पृष्ठभागाकडे बघत होते आणि मला आठवत होत्या संक्रांतीच्या हलव्याचे दागिने करायला आमच्या ओसरीवर जमलेल्या बायका, दोऱ्यात एकेक दाणा ओवता ओवता हळू आवाजात बोलणाऱ्या.

हा शंखजिऱ्याचा दगड आला मिनास जेराइस प्रांतातून, म्हणून आम्ही तिकडे गेलो. काँगोन्यास नावाच्या गावात टेकडीवर एक चर्च आहे आणि त्याच्या पायऱ्यांवर बायबलमधले बारा संदेष्टे उभे आहेत, सगळे याच दगडाचे. १८०० ते १८०५ या काळात ते घडवले आंतोनियो फ्रान्सिस्को लिस्बोआ यांनी. बाप पोर्तुगीज, आई गुलाम आफ्रिकन. जग त्यांना 'अलेजादिन्यो' म्हणतं, म्हणजे 'बिचारा अपंग'. एका रोगानं त्यांच्या हातापायांची बोटं झडत गेली आणि शेवटी छिन्नी-हातोडा मनगटाला बांधून ते काम करत, असं सांगितलं जातं. मी एका संदेष्ट्याच्या हातातल्या दगडी गुंडाळीची कड निरखून पाहिली. कागद दुमडावा तशी ती दुमडलेली आहे. बेलूर-हळेबीडला होयसळांच्या मंदिरांत दगडाचे असेच लाड केलेले पाहिले होते. तिथला दगडही याच मऊ जातीचा. मऊ दगड मिळाला की शिल्पकाराचा हात हलका होतो. आमच्या भागातला काळा कातळ असं काही करू देत नाही. वेरूळ कोरणाऱ्यांनी त्याच्याशी काय झुंज घेतली असेल, ते अशा वेळी कळतं.

ब्राझिलियाला एकच दिवस थांबलो आणि मला तो पुरला. साडेतीन वर्षांत माळरानावर उभी केलेली राजधानी, १९६० च्या २१ एप्रिलला उद्घाटन. राष्ट्राध्यक्ष कुबिचेक यांची जिद्द, लुसिओ कोस्टा यांचा आराखडा, ऑस्कर निमायर यांच्या इमारती. आराखडा वरून पाहिला तर पंख पसरलेल्या विमानासारखा दिसतो, पण पायी चालणाऱ्याला विमान दिसत नाही, रुंद रस्ते दिसतात आणि सावली दिसत नाही. ज्या मजुरांनी हे शहर बांधलं त्यांच्यातल्या कितीतरी जणांना शहरात जागा मिळाली नाही. ते कडेच्या वस्त्यांमध्ये गेले. ते ऐकल्यावर त्या संगमरवरी ओसाडपणात माझं मन रमलं नाही. एक कॅथेड्रल तेवढं विसरता येत नाही. जमिनीतून सोळा वाकडे काँक्रीटचे खांब वर उठतात आणि ओंजळीसारखे उमलतात. आत जायचं ते एका काळोख्या बोगद्यातून, आणि बोगदा संपला की डोक्यावर नुसता उजेड, निळी-हिरवी काच आणि तारांवर तरंगणारे देवदूत. आपल्या देवळात आपण उन्हातून सभामंडपात, सभामंडपातून गाभाऱ्याच्या अंधारात जातो. देव अंधारात, समईच्या उजेडापुरता. इथं नेमका उलटा प्रवास. दोन्हीकडे अंगावर येणारा शहारा मात्र तोच.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मनौसला जाणं झालं नाही. तिथं काळसर रिओ नेग्रो आणि मातकट सोलिमोइस या नद्या एकमेकींत मिसळल्याशिवाय सहा किलोमीटर शेजारीशेजारी वाहतात, कारण दोघींचं तापमान, वेग आणि घनता वेगळी. वर्गात हे सांगताना मी कराडचा प्रीतिसंगम सांगायची, जिथं कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन भेटतात. ते बघायचं राहिलं. मारान्याव प्रांतातली ती वाळूच्या टेकड्यांमधली पावसाळी तळीही राहिली. फेब्रुवारीत ती पुरती भरलेली नसतात.

मग इग्वासू.

ही नदी मला फार आधीपासून जवळची. कारण तिचा स्वभाव आपल्या कृष्णेचा. ब्राझीलचा अजस्र कडा म्हणजे पूर्व किनाऱ्याला समांतर उभी भिंत, आपल्या सह्याद्रीसारखी. इग्वासू त्या कड्याच्या माथ्यावर, कुरितिबाजवळ उगम पावते. समुद्र तिथून शंभर किलोमीटरच्या आत आहे. पण ती समुद्राकडे पाठ फिरवते आणि पश्चिमेला, देशाच्या आत, सुमारे १३०० किलोमीटर चालत जाते, परानाला मिळते आणि मग कुठे दूर दक्षिणेला अटलांटिक गाठते. महाबळेश्वरला अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर असून कृष्णाही पूर्वेला बंगालच्या उपसागराचा रस्ता धरतेच की. मुलांना मी विचारायची, "जवळचा समुद्र सोडून ही लांब का गेली?" उतार, बाळांनो. जमिनीचा उतार जिकडे, नदी तिकडे.

परानाला मिळण्याच्या थोडं आधी तिच्या पायाखालची जमीन संपते. २.७ किलोमीटर रुंदीत, पावणेतीनशेच्या आसपास धारांनी ती खाली कोसळते. इथल्या मूळच्या ग्वारानी लोकांच्या भाषेत 'इ' म्हणजे पाणी आणि 'ग्वासू' म्हणजे मोठं. मोठं पाणी. याहून जास्त बोलायची त्या लोकांना गरज वाटली नाही. धबधब्याचा बराचसा भाग अर्जेंटिनात आहे. ब्राझीलच्या काठावरून तो सगळा समोर उलगडतो. ही जमीन एके काळी खाजगी मालकीची होती. विमानविद्येतले ब्राझीलचे लाडके सांतोस द्युमाँ १९१६ मध्ये इथं आले आणि हे एका माणसाच्या मालकीचं असू शकत नाही, म्हणून थेट कुरितिबाला जाऊन प्रांताध्यक्षांना भेटले. काही महिन्यांत जमीन सरकारनं ताब्यात घेतली आणि १९३९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. त्यांचा पुतळा वाटेवर आहे. मी नमस्कार करून पुढे गेले.

वाट सव्वा किलोमीटरची, उतरती, जंगलातून. लांब नाकाचे, शेपटी उभारलेले क्वाटी पायात पायात येतात आणि हातातली पिशवी हिसकतात. मी एका वळणावर थांबले, लेक पुढे गेली. डावीकडे वाट कापताना उघडा पडलेला खडक होता. काळा. ओला. त्यात बारीक बारीक भोकं, काही रिकामी, काही पांढऱ्या दाण्यांनी भरलेली. मी हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभी राहिले.

हा दगड मी जन्मापासून ओळखते. आमच्या घराचं जोतं याचं. शाळेच्या कुंपणाची भिंत याची. पाटा-वरवंटा, जातं, उखळ याचं. ज्योतिबाच्या पायऱ्या, गावाची वेस, नदीचा घाट, सगळं याच काळ्या कातळाचं. बेसॉल्ट. साडेतेरा कोटी वर्षांच्या आसपास, दक्षिण अमेरिका आफ्रिकेपासून तुटत असताना, जमिनीला भेगा पडल्या आणि तप्त लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर येऊन पसरला, थरावर थर. पराना खोऱ्याची ही जमीन त्याची. अटलांटिकपलीकडे नामिबियात त्याचाच तुटलेला तुकडा आहे. आपलं दख्खनचं पठार असंच झालं, पण पुष्कळ उशिरा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे आपला सह्याद्री यांच्यापुढे धाकटा, वयानं निम्मा. आणि त्याही आधी हे सगळे भूखंड एकत्र होते तेव्हाच्या त्या महाखंडाला जगानं नाव दिलं गोंडवन, आपल्या गोंडांच्या भूमीवरून.

इग्वासू एका झेपेत खाली येत नाही, पुष्कळ ठिकाणी दोन टप्प्यांत येते. का, ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा वरचा भाग फुगीर, सच्छिद्र, ठिसूळ असतो. मधला गाभा टणक. ठिसूळ भाग पाणी खातं, टणक भाग कड्यासारखा उभा राहतो, खालचा आधार गेला की तोही तुटून पडतो. म्हणून पायऱ्या. आपल्या डोंगरांचंही तेच: कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा. शिवकाळातल्या माणसांनी त्या सपाटीला माची म्हटलं, तटबंदी घातली आणि वर बालेकिल्ला बांधला. समोर इग्वासूच्या मधल्या टप्प्यावर पाणी क्षणभर विसावत होतं आणि मी मनात म्हणाले, ही माची.

पुढे 'सैतानाचा घसा'. तिथं ऐंशी मीटर खोल अर्धवर्तुळात तिन्ही बाजूंनी नदी पडते. सांगण्यासारखं तिथं काही दिसतच नाही, सगळं पांढरं. कपडे, केस, चष्मा, सगळं भिजून जातं आणि छातीत कुणीतरी ढोल वाजवल्यासारखं होतं. त्या पडत्या पाण्याच्या पडद्यातून काळे ठिपके आरपार जात होते. पाकोळ्या. या जातीच्या पाकोळ्या धबधब्याच्या मागच्या ओल्या कातळावर घरटी करतात. पिलांना कुठलाच शिकारी पोहोचू नये म्हणून आईनं निवडलेली जागा. मी तिथं अर्धा तास उभी होते. लेक दोनदा बोलवायला आली.

बाहेर दुकानात जांभळ्या स्फटिकांचे दगड मांडलेले. बाहेरून काळी ओबडधोबड कवटी, आत अमेथिस्टची जांभळी आरास. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे लाखो वर्षं त्यांतून पाणी झिरपत राहिलं आणि पोकळी स्फटिकांनी भरली. लहानपणी विहीर खणताना किंवा रस्त्याला सुरुंग लावल्यावर आम्ही पोरं धावत सुटायचो ती याच्याचसाठी. आमच्याकडे पांढऱ्या, हिरवट, मोरपंखी सुया निघतात, त्यांच्याकडे जांभळं निघतं. मी सुपारीएवढा एक तुकडा घेतला.

आता पेन्सिलीनं लिहिलेलं नाव. सेते केदास. सात धबधबे.

इग्वासू जिला मिळते त्याच पराना नदीवर, वरच्या अंगाला ग्वाइरा गावापाशी, सात गटांत अठरा धबधबे होते. अफाट रुंदीची पराना तिथं एका अरुंद घळीत शिरायची. पाण्याच्या मानानं ते जगातल्या सर्वांत मोठ्या धबधब्यांपैकी होते, इग्वासूहून कितीतरी मोठे. १९७३ मध्ये ब्राझील आणि पॅराग्वे यांनी करार केला आणि खाली इताइपुचं धरण बांधायला घेतलं. ग्वारानी भाषेत इताइपु म्हणजे गाणारा दगड. नदीतल्या एका खडकाळ बेटाचं ते नाव, जिथं पाणी आपटून आवाज करायचं. धरण पुरं होत आलं तशी देशभरातून माणसं सेते केदासला शेवटचं बघायला लोटली. १९८२ च्या जानेवारीत एक झुलता पूल त्या गर्दीनं तुटला आणि तीसहून अधिक माणसं वाहून गेली. ऑक्टोबरात धरणाचे दरवाजे बंद झाले. दोन आठवड्यांत पाणी भरलं. बुडणाऱ्या जंगलातून होड्यांनी ३६ हजारांहून जास्त जनावरं बाहेर काढली. त्या पाण्याखाली हजारो शेतकरी कुटुंबांच्या जमिनी गेल्या, ग्वारानी लोकांच्या वस्त्या गेल्या.

इताइपु मी पाहिलं. वीस जनित्रं, प्रत्येकी ७०० मेगावॉट, एकूण १४ हजार. आमचा सगळा कोयना प्रकल्प १९६० मेगावॉटचा. जगातल्या सर्वांत जास्त वीज देणाऱ्या धरणांपैकी ते आहे आणि ती वीज लाखो घरांत दिवा लावते. माझ्याही घरात धरणाच्याच विजेचा दिवा लागतो, त्याच दिव्याखाली मी वह्या तपासल्या. त्यामुळे मला तिथं उभं राहून धरणाला बोल लावता आला नाही. पण भिंतीवरून मागचं पाणी पाहिलं. १७० किलोमीटर लांब, ग्वाइरापर्यंत. आणि मला तिकडे जायचंच होतं.

आजीचं, आईच्या आईचं, गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं. साठच्या दशकात. तिला दुसऱ्या जिल्ह्यात जमीन मिळाली, सपाट, उघड्या माळाची. तिथं ती चाळीस वर्षं राहिली. मी आठ-नऊ वर्षांची असताना एका मे महिन्यात पाणी खूप खाली गेलं होतं, तेव्हा ती मला घेऊन गेली. भेगाळलेला गाळ, त्यातून चालत आम्ही गेलो. ती थांबली. "ही ओसरी," म्हणाली. मला काहीच दिसत नव्हतं. मग तिनं पायानं गाळ बाजूला केला आणि खाली जोत्याचा घडीव दगड निघाला, नंतर जात्याची तळी, मधल्या खुंट्याचं भोक गाळानं बुजलेलं. तिनं पदराच्या टोकानं ते भोक कोरून कोरून साफ केलं. परतताना पाण्याच्या कडेला बसून तिनं नदीची ओटी भरली. मी विचारलं, "आजी, हिनंच तर गाव बुडवलं ना?" ती म्हणाली, "नदीनं कुटं? नदी बी बुडालीच की गं."

इग्वासूजवळच्या फोज शहरापासून ग्वाइरापर्यंत लाल मातीतून रस्ता जातो. बेसॉल्ट कुजून झालेली ही तांबडी माती, तिच्यावर नजर पोहोचेल तिथवर सोयाबीन. नदीकाठी पोहोचलो तेव्हा दुपार होती. समोर पाणी. शांत, रुंद, पार पलीकडे जाणारा लांबच लांब पूल. एक माणूस काठावर गळ टाकून बसला होता. कुठेही लाट नाही, आवाज नाही. लेक थोड्या वेळानं म्हणाली, "आई, इथं काहीच नाही गं." मी मान डोलावली.

काठाजवळच्या छोट्या दुकानात कॉफी घ्यायला गेलो. भिंतीवर जुने फोटो होते, काळे-पांढरे: धुक्यातला झुलता पूल, त्यावर हॅट घातलेली माणसं, खाली उकळतं पाणी. दुकानदार आजोबा सत्तरीच्या पुढचे. लेकीच्या तोंडून मी विचारलं, आवाज कसा होता? ते जरा वेळ बोललेच नाहीत. मग त्यांनी माझ्या पुढ्यातला कप-बशी ओढली, हात पालथा करून टेबलावर ठेवला आणि तळव्यानं सारखं, न थांबता, हलकं हलकं ठोकत राहिले. बशीत चमचा किणकिणायला लागला. "असा," ते म्हणाले, "रात्रंदिवस. खिडक्यांच्या काचा अशा वाजायच्या. आवाज थांबला त्या रात्री सगळं गाव जागं झालं. शांततेनं."

मी पर्समधून तो सुपारीएवढा जांभळा दगड काढला आणि सांगितलं, माझ्या गावाकडेही हाच दगड आहे, आणि आजीचं गावही असंच पाण्याखाली आहे. लेक भाषांतर करत होती, मध्येच तिचा आवाज बसला. त्यांनी दगड हातात घेतला नाही. विचारलं, "गावाचं नाव काय?"

मी सांगितलं. त्यांनी ते एकदा म्हणून पाहिलं, जमलं नाही. मी पुन्हा सावकाश सांगितलं. दुसऱ्यांदा जमलं. मग ते उठून फोटोंपाशी गेले आणि बोट ठेवून एकेका धबधब्याचं नाव मला सांगू लागले. सांगून झालं की थांबायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी ते नाव म्हणायची. मग ते पुढच्या फोटोकडे जायचे.